इस्त्री केलेली फडकी

काकूच्या नातवाने नवं दुकान थाटलं आहे. काचेचं दार, आत कपडे धुणारी यंत्रं गरगर फिरतायत, कामाला माणूस औषधालाही नाही. उद्घाटनाला ये म्हणाला, म्हणून गेले. आत पाऊल टाकलं तर समोरच्या फळीवर काकूचं डोकं. म्हणजे मी कॉलेजात असताना घडवलेलं आणि मग प्लास्टरमध्ये ओतलेलं. त्याच्याखाली चकचकीत पितळी पट्टी: ‘आमची शांत आणि प्रेमळ आजी.’

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

प्रेमळ एक वेळ चालवून घेतलं असतं. गेलेल्या माणसाला आपण तेवढी सूट देतोच. पण शांत? अरे, त्या जबड्याकडे एकदा नजर तरी टाका! लोक यंत्रांसमोर कपड्यांची गाठोडी ठेवत होते आणि वर बघून म्हणत होते, ‘किती सोज्वळ चेहरा!’ मी चहा न घेता घरी आले. तो जबडा कसा झाला हे माहीत असलेली आता मी एकटीच उरले आहे, तर निदान लिहून तरी ठेवते.

मी तेव्हा कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होते आणि काका-काकूंकडे राहत होते. वडिलांनी मला पाठवलं ते दात-ओठ खात. ‘मातीत खेळायला कॉलेज कशाला लागतं? अंगण आहे की,’ हे त्यांचं म्हणणं. शेवटी अट घालून सोडलं: एका जरी विषयात नापास झालीस तर सामान बांधायचं, घरी यायचं आणि टायपिंगच्या क्लासला बसायचं. वडील नुसती धमकी देणाऱ्यांतले नव्हते. थोरल्या बहिणीची शाळा त्यांनी अशाच एका अटीवर सोडायला लावली होती आणि त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता.

काका-काकूंची लॉन्ड्री होती. खाली दुकान, वर दोन खोल्या, मागे लांबलचक सज्जा आणि सज्जाभर दोऱ्या. पानगळ सुरू झाली की त्यांचा खरा हंगाम. गावातली सगळी ब्लँकेटं, स्वेटर, कोट, शाली पेटाऱ्यांतून बाहेर पडायच्या आणि डांबरगोळ्यांचा वास घेऊन आमच्या जिन्यावर येऊन बसायच्या. हवा कोरडी, ऊन नरम, वारा सारखा सुटलेला. काकू सकाळी सज्ज्यात उभी राहून बोट ओलं करून वारा बघायची आणि म्हणायची, ‘वा! आज कोटसुद्धा दुपारपर्यंत वाळेल.’ पानं उडत येऊन ओल्या ब्लँकेटांना चिकटायची. ती वेचून काढायचं काम माझं.

काकूची दोनच तत्त्वं होती. ओलं ते वाळलं पाहिजे, आणि वाळलं ते घडी होऊन मालकाकडे गेलं पाहिजे. या दोन तत्त्वांपुढे देव आला असता तरी तिने त्याला पिळून दोरीवर टाकला असता.

आणि माझी माती? तिला जगायला ओल लागायची. एवढंच भांडणाचं मूळ.

आम्हाला सहामाहीला एक डोकं करायचं होतं. खऱ्या माणसाचं, खऱ्या मापाचं. शिकवणाऱ्या सरांना सगळं कॉलेज ‘फुटपट्टी’ म्हणायचं. त्यांचा डोळ्यांवर विश्वास नव्हता, स्वतःच्याही नाही. ते लोखंडी कर्कटक घेऊन यायचे. विंचवाच्या नांग्यांसारखे दोन वाकडे पाय असलेलं मापाचं हत्यार ते. काम दाखवायच्या दिवशी ज्याचं डोकं केलं तो माणूस समोर हजर हवा. मग सर त्याचं नाक मोजायचे, मग मातीचं नाक मोजायचे. फरक निघाला की तोंडातून एकच शब्द: ‘नापास.’

मी काकांचं डोकं करायला घेतलं. काका गरीब माणूस. बसा म्हटलं की बसायचे, बसले की पेंगायचे. माझ्या दृष्टीने यापेक्षा गुणी मॉडेल नाही. काकूच्या दृष्टीने हंगामात एक माणूस कामातून उठला.

‘अहो, बसलात का परत तिच्यासमोर?’ ती खालून ओरडायची. ‘खाली सतरा कोट पडलेत!’

‘आलो, आलो. नाक चाललंय,’ काका म्हणायचे.

‘नाक चाललंय! घराण्याचं नाक आधी सांभाळा!’

मग कॉलेजच्या छपराची दुरुस्ती निघाली आणि फुटपट्टीने फर्मान काढलं की ज्याने त्याने आपलं काम घरी न्यावं. आम्ही काकांच्या हातगाडीवर ते डोकं ठेवलं, वर ओली फडकी गुंडाळली आणि भर रस्त्याने निघालो. लोक थांबून बघायला लागले. एका बाईने कडेवरच्या लेकराचे डोळे झाकले. एक म्हातारा हळहळून म्हणाला, ‘अरेरे, कुणाचं हो?’

‘माझंच आहे,’ काका म्हणाले आणि गाडी ढकलत राहिले.

घरी आल्यावर मी काकूला चार गोष्टी नीट समजावून सांगितल्या. माती लोखंडी सांगाड्यावर बसवलेली असते. ती वाळली की आकसते, सांगाडा आकसत नाही, म्हणून ती तडकते. म्हणून तिच्यावर कायम ओली फडकी हवीत. म्हणून कुणी हात लावायचा नाही.

‘म्हणजे माझ्या घरात कायमची ओली फडकी?’ काकू म्हणाली.

‘सोमवारी काम दाखवलं की संपलं.’

‘वास सुटेल.’

‘सुटू दे.’

‘चिखलराणी,’ ती म्हणाली. माझं हे नाव तिनेच ठेवलं होतं. ‘लोक नाक मुठीत धरून जिना चढतील, मग कपडे कोण टाकेल इथे?’

तरी ती हो म्हणाली. मी तिच्या तोंडून ‘हो’ ऐकलं आहे. नंतर ती कधीही कबूल झाली नाही, पण मी ऐकलं आहे.

शनिवारी माझा कलेच्या इतिहासाचा पेपर होता. सकाळी निघताना मी फडकी पिळून ओली केली आणि काकांच्या मातीच्या डोक्यावर दोन वेढे दिले. डोकं जवळजवळ पुरं झालं होतं. झोपाळू पापण्या, खाली ओघळलेला ओठ, मोठाले कान. मला स्वतःलाच ते आवडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी जिवंत झालं होतं.

संध्याकाळी परत आले. कोपऱ्यातल्या स्टुलावर डोकं नव्हतं. स्टूल पुसलेलं होतं. माझ्या उशीवर माझी फडकी होती. पांढरीशुभ्र, स्टार्च केलेली, कडक इस्त्रीची, चौकोनी घड्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात काळ्या शाईने एक वर्तुळ आणि आत ठिपका. दुकानात गिऱ्हाइकांचे कपडे एकमेकांत जाऊ नयेत म्हणून प्रत्येकाची वेगळी खूण असायची. तिने मला खूण दिली होती.

मी सज्ज्याकडे धावले. दोन ब्लँकेटांच्या मधोमध, जिथे सबंध दिवस ऊन असतं तिथे, काकांचं डोकं उन्हाकडे तोंड करून ठेवलेलं होतं. कपाळापासून मानेपर्यंत भेग. नाक जमिनीवर. डावा कान जमिनीवर. वारा सुटला होता आणि एक वाळकं पान त्या भेगेत अडकून फडफडत होतं.

मी किंचाळले. कशी, ते मला आजही घशात आठवतं. काकू इस्त्री हातात घेऊनच जिना चढून आली.

‘काय झालं? पडलीस का?’

‘काकू, हे काय केलंस तू?’

‘कुबट वास येत होता,’ ती म्हणाली. ‘फडकी काढली, उकळत्या पाण्यात घातली. आणि ते डोकं आतून दमट झालं होतं, म्हणून जरा उन्हात...’ मग तिला भेग दिसली. ती वाकली, कान उचलला, उलटसुलट करून बघितला. ‘जाऊ दे. नाहीतरी या कानांनी कधी कुणाचं ऐकलंय?’

मागून आलेले काका हसले. मी हसले नाही.

‘तू मुद्दाम केलंस,’ मी म्हणाले.

‘मुद्दाम?’

‘तुला काका खाली हवे होते. माझ्यासमोर बसलेले तुला बघवत नव्हते. सांग ना बाबांना! घेऊन जा म्हणावं तुमच्या पोरीला. सोमवारी मी नापास, मंगळवारी सामान बांधते. सुटलीस तू! जिनाही कोरडा होईल!’

‘हळू बोल. खाली गिऱ्हाईक आहे.’

‘गिऱ्हाईक! मी पण गिऱ्हाईकच की!’ मी फडक्यांची घडी तिच्या तोंडासमोर धरली. ‘खूणसुद्धा घातलीस! घरातल्या मुलीच्या फडक्यावर खूण!’

‘खूण नसती तर हरवली असती,’ ती म्हणाली, आणि मला कळलं की हिला खरोखरच वाटतंय की हिने माझं काम केलं. राग आला तो त्याचा. मुद्दाम केलं असतं तर मी चार दिवस भांडून मोकळी झाले असते. पण हिने मनापासून, निगुतीने, स्टार्च करून माझा सत्यानाश केला होता.

‘एवढं सांगून गेले होते! माझ्या वस्तूला हात लावू नका!’

आता तिचा पारा चढला. इस्त्री तिने कठड्यावर आपटली.

‘हात लावू नका! ऐकलंत का हो? आणि माझं काय आहे या घरात, ज्याला कुणी हात लावत नाही? लग्न होऊन आले तेव्हापासून दुसऱ्यांचे कपडे! माझी कात्री तुमची, माझी खोली तुझी, माझा नवरा तुझ्यासमोर पेंगायला! माझी एक वस्तू दाखव, एक! आणि मला शिकवते, हात लावू नका!’

‘म्हणून माझी फोडायची?’

‘मी नाही फोडली! तीच फुटली! जी वस्तू दोन तास ऊन सोसत नाही ती काय कामाची?’

काका मध्ये पडले. ‘जाऊ दे गं...’

‘तुम्ही गप्प बसा!’ आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

काका खाली गेले. आम्ही दोघी धापा टाकत उभ्या. मग काकू म्हणाली, ‘डोकंच हवंय ना तुला? माझ्याकडे आहे की एक. त्यांच्यापेक्षा बरं चालतं. उद्या करून टाक.’

‘एका दिवसात?’

‘कोट एका दिवसात होतो.’

‘हे कोट नाही काकू!’

‘मग बांध सामान,’ ती म्हणाली आणि इस्त्री उचलून खाली गेली.

रविवारी सकाळी काका गाडीवर ब्लँकेटं लादून पोहोचवायला गेले. मी सांगाड्यावरची माती खरवडून काढली. आतली अजून मऊ होती, वरची दगड. बादलीत थोडी जादा माती होती. वाळलेली ढेकळं काकूने कपडे बडवायच्या दांड्याने कुटून दिली. नवऱ्याचं कपाळ ठेचताना तिला गरजेपेक्षा जास्त आनंद होत होता, हे मी स्वतः पाहिलं.

मग ती स्टुलावर बसली. बसली म्हणजे काय! तिला बसणं माहीतच नव्हतं. मांडीवर मोज्यांचा ढीग घेतला आणि जोड्या लावायला लागली.

‘मान हलवू नकोस.’

‘मान नाही हलवत. मोजे हलवतेय.’

‘मोजे खाली ठेव.’

‘मोजे ठेवले तर माझे हात काय करतील? तुझा गळा धरतील.’

खालून कुणीतरी हाक मारली की ती बसल्या जागेवरून गर्जना करायची, ‘निळा कोट डावीकडे, खूण फुलीची! कॉलर बघून घ्या!’ माझी नुकती लावलेली हनुवटी चुकायची. मी ओरडायचे. ती ओरडायची. शेजारची बाई खिडकीतून डोकावून ‘सगळं ठीक आहे ना?’ म्हणाली. काकू म्हणाली, ‘ठीक कसलं? माझं डोकं उतरवून घेतायत!’

दुपारी तिने मोजे संपवले आणि माझा हिशेब काढला. माझे केस न्हाणीघरात पडतात. मी ब्लँकेटांवरची पानं अर्धीच वेचते. काका मला पाठीशी घालतात. मी वडिलांवर गेले आहे, वरून मऊ आणि आतून हेकट. मी एकेका वाक्याला उत्तर देत होते आणि हात चालत होते. आधी माझी बोटं काकांच्या गालावरून हळूहळू फिरायची, आज मी माती अक्षरशः थापत होते. तिच्या कपाळावरच्या आठ्या मी लाकडी पट्टीने ओढल्या त्या जणू ओरखडे काढत. ती बोलताना खालचा जबडा पुढे काढायची, कपाटाचा खण अर्धवट उघडा राहावा तसा. तो मी तसाच काढला. उन्हं कलेपर्यंत डोकं उभं राहिलं.

ती उठली, कंबर धरून समोर आली आणि बराच वेळ बघत राहिली.

‘मी अशी दिसते?’

‘हो.’

‘खोटं आहे,’ ती म्हणाली. पण फडकी तिनेच ओली केली. तीच, इस्त्रीची, खुणेची. पाण्यात घालताना तिचा जीव तुटत होता. मला बरं वाटलं.

सोमवारी आम्ही दोघी गाडी ढकलत कॉलेजला गेलो. काकूने ठेवणीतली साडी नेसली होती आणि परक्या जागी ती जे करायची तेच केलं: एकदम मवाळ झाली. फुटपट्टीला नमस्कार केला. आवाज मधाळ, मान खाली, ओठ मिटलेले. ही बाई मी घडवलीच नव्हती.

सरांनी कर्कटक काढलं. तिचं कपाळ मोजलं, मातीचं मोजलं. ठीक. नाक ठीक. कानापासून कान ठीक. मग हनुवटी. तिची मोजली, मातीची मोजली, पुन्हा तिची मोजली.

‘जबडा चुकलाय,’ ते म्हणाले. ‘अर्धं बोट पुढे आहे.’

‘सर, त्या बोलतात तेव्हा...’

‘मी बोलणं मोजत नाही. जबडा मोजतो.’ त्यांनी खिशातलं पेन काढलं. ‘आणि एका दिवसात केलेलं दिसतंय. आधीचं काम कुठे गेलं? फुटलं असेल. दरवर्षी कुणाचं तरी फुटतं. मुलींना हे काम झेपत नाही, घरच्यांनी समजायला हवं. नापास.’

मला टायपिंगच्या क्लासचं लाकडी बाक दिसायला लागलं, त्याच्यावर बसलेली मी दिसायला लागले. आणि शेजारून आवाज आला.

‘काय म्हणालात?’

मी वळून बघितलं. मान वर आली होती. कपाळावर आठ्या चढल्या होत्या.

‘बाई, तुम्ही...’

‘फुटलं नव्हतं. मी फोडलं. मी, माझ्या हाताने, उन्हात ठेवून! आणि काल सबंध दिवस हंगामाचं दुकान वाऱ्यावर सोडून स्टुलावर बसले ते काय अर्ध्या बोटासाठी? झेपत नाही? सगळं डोकं या पोरीने उन्हं कलायच्या आत केलं, वर माझ्याशी भांडून! तुम्ही करता का? या, बसते मी! करा!’

जबडा पुढे आला होता. अर्धं बोट.

मी फक्त त्या जबड्याकडे बोट दाखवलं.

फुटपट्टी वाईट होता, पण मापाला खोटा नव्हता. त्याने कर्कटक उचललं आणि माझ्या रागावलेल्या काकूच्या तोंडाला लावलं. ती तोंड न हलवता, दातांच्या फटीतून त्याला शिव्या देतच होती. मग त्याने मातीची हनुवटी मोजली. कर्कटकाची टोकं दोन्ही बाजूंना जिथल्या तिथे टेकली.

‘हं,’ तो म्हणाला. पेन खिशात ठेवलं. ‘पास.’

परत येताना वारा सुटला होता आणि झाडं पानं टाकत होती. गाडी ढकलता ढकलता मी म्हणाले, ‘काकू, थँक यू.’

‘कशाबद्दल? मला माझी बाजू मांडायची होती,’ ती म्हणाली. ‘आणि तो म्हणाला ते खरं नाही. माझा जबडा असा नाहीच.’

घरी पोहोचल्यावर मी पाणी प्यायला आत गेले. बाहेर आले तर तिचा हात डोक्यावरच्या फडक्याकडे गेलेला.

‘काकू!’

‘बघतेय फक्त! वास येतोय का ते!’

मी तिथेच राहिले, कॉलेज पुरं केलं, आणि त्यानंतर सगळं आयुष्य मातीत हात घालून काढलं. काकूने ते डोकं कधी आवडतं म्हटलं नाही. प्लास्टरचं झाल्यावर, त्याला पाण्याची गरज उरली नाही तेव्हा, तिने ते दर पानगळीत घासून धुतलं आणि सज्ज्यात उन्हात ठेवलं. मी दरवेळी चिडले. ती दरवेळी म्हणाली, ‘माझं डोकं आहे. हात लावू नकोस.’

काल नातवाचा फोन आला. ‘आजी, तू चहा न घेता गेलीस. रागावलीस का?’

‘ती पट्टी काढ,’ मी म्हणाले.

‘अगं, चांगलं लिहिलंय की. मग काय लिहू?’

‘काही लिहू नकोस. जबडा दिसतो लोकांना.’

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी गंमत करतेय. उद्या मी स्वतः जाणार आहे, स्क्रूड्रायव्हर घेऊन.